अनोळखी भाषेचा गेम आणि घाईचा अंदाज: ‘चँट्स ऑफ सेनार’ खेळताना या चुका टाळा

कोल्हापुरात हल्ली हा गेम बऱ्याच पोरांच्या लॅपटॉपवर दिसतो, आणि बऱ्याच पोरांनी तो अर्ध्यात टाकलेलाही दिसतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘पुढं लई अवघड हाय.’ पुढं अवघड नसतो. पहिल्या अर्ध्या तासात केलेली चूक पुढं व्याजासकट वसूल होते, एवढंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ‘चँट्स ऑफ सेनार’ ५ सप्टेंबर २०२३ ला आला. फ्रान्समधल्या तूलूजच्या रनडिस्क या छोट्या स्टुडिओचा. बायबलमधली बाबेलच्या मनोऱ्याची जुनी कथा घेतलीय: एकाच मनोऱ्यात पाच जमाती, पाच भाषा, कुणाचं कुणाला कळत नाही. आपण तळापासून चढत जायचं आणि भाषा शिकत जायच्या. शिकवायला कुणी नाही. पाट्या, भित्तीचित्रं, माणसांची बडबड आणि हातवारे, यावरच भागवायचं. दिसलेलं चिन्ह गेममधल्या वहीत जमा होतं आणि त्याच्यापुढं आपला अंदाज टाइप करता येतो. पुरेसं बघून झालं की वहीत चित्रांचं पान येतं. चित्राला चिन्ह जुळवायचं. पानावरची सगळी बरोबर बसली तरच अर्थ पक्के होतात. एक जरी चुकलं तरी गेम गप्प बसतो, कुठलं चुकलं ते सांगत नाही.

अंदाज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. राजारामपुरीत एका खोलीवर चार पोरं मिळून खेळत होती. सुरुवातीला तरफ येते, तिच्यापाशी दोन चिन्हं असतात आणि ती ओढली की वाट उघडते, बंद होते. माऊस ज्याच्या हातात होता त्यानं नुसती हालचाल बघितली आणि लिहून टाकलं: ‘वर’, ‘खाली’. बरोबर अर्थ होता ‘उघड’ आणि ‘बंद’.

आता गंमत बघा. एकदा अंदाज टाइप केला की ते चिन्ह जिथं जिथं येईल तिथं गेम तुमचाच शब्द वाक्यात घालून दाखवतो. गोष्ट मनोऱ्याची, चढायचंच आहे, त्यामुळं ‘वर’ जवळजवळ कुठंही खपून जातो. ‘मी दार वर’ असं दिसलं की पोरांनी समजून घेतलं, दार वरच्या मजल्यावर असेल. ‘तू वर नाही’ म्हटलं की हा माणूस आपल्याला अडवतोय. प्रत्येक वाक्याला थोडी ओढाताण करून अर्थ लागतच होता, आणि लागत होता म्हणून कुणी मागं वळून बघितलं नाही. दीड तासानं चित्रांचं पान आलं आणि काही केल्या जुळेना. मग काय केलं? ‘वर’ला कुणी हात लावला नाही, तो तर सुरुवातीपासून ‘माहीत’ होता. त्याच्याऐवजी शेवटी लिहिलेली, बरोबर असलेली तीन चिन्हं बदलून टाकली.

सगळीकडं बसणारा अर्थ सगळ्यात संशयित धरा. खरा शब्द कुठंतरी अडतो. ‘उघड’ हा शब्द नदीला लागत नाही, माणसाला लागत नाही. ‘वर’ मात्र कशालाही चिकटतो, म्हणून तो सापडायला वेळ लागतो.

यावर उपाय म्हणून गेमच्या वहीवर विसंबू नये. बाजूला चौकड्यांची कागदी वही आणि पेन्सिल ठेवावी. पानाला तीन रकाने: चिन्हाचं चित्र, कुठं दिसलं, काय असू शकेल. मधला रकाना सगळ्यात रुंद हवा, आणि तोच लोक रिकामा सोडतात. तिथं ‘तरफेशेजारी’, ‘पहारेकरी हात आडवा करून बोलला तेव्हा’, ‘थडग्यावर’ असं लिहायचं. तिसऱ्या रकान्यात पहिल्या वेळी किमान दोन पर्याय: ‘उघड / वर?’ तीन वेगवेगळ्या ठिकाणी दिसल्याशिवाय एक पर्याय खोडायचा नाही. गेममध्ये टाइप करतानाही पुढं प्रश्नचिन्ह टाका, म्हणजे वाक्यात ते डोळ्यांत खुपत राहील. आणि पान जुळेना झालं की सगळ्यात जुन्या अंदाजापासून तपासायला लागा.

उलटसुलट करून पान जुळवणं

चार चित्रं, चार चिन्हं म्हणजे २४ जुळण्या. दोन आधीच माहीत असतील तर उरतात फक्त २. त्यामुळं नुसतं उलटसुलट करून पान पक्कं होतं, आणि अधीर माणसाला हा शोध फार लवकर लागतो. शब्द मिळतो, तो का बरोबर आहे ते मिळत नाही. पुढच्या मजल्यावर तोच विचार दुसऱ्या भाषेत लागतो तेव्हा हात रिकामे. पूर्ण उत्तरांचा व्हिडिओ बघणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं. खासबागेत कुस्ती लावायची आणि निकाल सकाळी पेपरात वाचायचा, तसला प्रकार. अडलात तर बंद करा, रंकाळ्यावर एक चक्कर मारून या. हे गमतीनं सांगत नाही. या गेममधली निम्मी उत्तरं पडद्यापासून दूर असताना सुटतात.

मराठी कानाला न दिसणारी गोष्ट

मराठीत शब्दांची जागा हलवली तरी भागतं. ‘वस्तादानं पैलवानाला बघितलं’ काय आणि ‘पैलवानाला वस्तादानं बघितलं’ काय, कुणी कुणाला बघितलं ते प्रत्यय सांगतात. गेममध्ये प्रत्यय नाहीत. ‘वस्ताद पैलवान बघ’ एवढीच तीन चिन्हं. कर्ता कोण ते फक्त क्रमावरून ठरतं. आपल्याला क्रम सैल ठेवायची सवय, त्यामुळं तिसऱ्या जमातीत, म्हणजे गवयांच्या भाषेत, माणसं सरळ पालथी पडतात. तिथं आधी कर्म, मग कर्ता, शेवटी क्रियापद. क्रियापद शेवटी दिसलं की मराठी माणूस खूश होतो, घरच्यासारखं वाटतं, आणि पहिल्या दोघांची अदलाबदल लक्षातच येत नाही. नवीन भाषा सुरू झाली की कर्ता कोण हे चित्रातून नक्की दिसतंय असं एक वाक्य शोधा आणि त्याचा क्रम वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

अनेकवचनाचंही तसंच. पहिल्या भाषेत चिन्ह दोनदा काढलं की अनेकवचन. आपल्याकडं ‘घरोघरी’, ‘लाल लाल’ असलं दुहेरी बोलणं वेगळ्या कामाचं, त्यामुळं ‘दार दार’ म्हणजे ‘प्रत्येक दार’ असं वाचलं जातं. दुसऱ्या जमातीच्या, म्हणजे योद्ध्यांच्या भाषेत दुहेरी चिन्ह नसतं, अनेकवचनासाठी वेगळं चिन्हच आहे. मागच्या मजल्याचं व्याकरण पुढच्या मजल्यावर लावू नका.

भाषा आहे की नुसता मुखवटा?

लहानपणी ‘च’ची भाषा सगळ्यांनीच बोललेली असते. ‘मला पाणी’ म्हणायचं तर ‘चलाम चाणीप’. ऐकणारा गोंधळतो, पण आत मराठीच असते: तेच शब्द, तोच क्रम. एक नियम सापडला की संपलं. काही गेम अगदी असेच आहेत. २०१२ च्या ‘फेझ’मधली लिपी म्हणजे मुखवटा घातलेली इंग्रजी, एका अक्षराला एक चिन्ह. तिथं एका खोलीत कोल्हा आणि कुत्रा दिसतो. इंग्रजीतली सगळी अक्षरं असलेलं ते प्रसिद्ध वाक्य (‘द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग’) आठवलं की सगळी लिपी हातात येते. २०२२ च्या ‘ट्युनिक’मध्येही आत इंग्रजीच आहे, पण उच्चाराप्रमाणं लिहिलेली. चिन्हाच्या आतल्या रेघा व्यंजन सांगतात, कडेच्या रेघा स्वर सांगतात, आणि खाली छोटं वर्तुळ असेल तर स्वर आधी वाचायचा. बाराखडी शिकलेल्या माणसाला हे इंग्रजी शाळेतल्यापेक्षा लवकर कळायला हवं. कळत नाही, कारण तो प्रत्येक चिन्हाला इंग्रजी एबीसीडीतलं एकेक अक्षर लावत बसतो.

‘सेनार’मध्ये हा मुखवटा नाही. तिथं एक चिन्ह म्हणजे एक शब्द. तरी दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी भेटतो, ज्यानं सगळी चिन्हं मोजून कुठलं जास्त वेळा येतं त्याचा तक्ता केलाय आणि त्यात इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारं अक्षर ‘ई’ शोधतोय. मेहनत बघून वाईट वाटतं.

फसगत होण्याचं कारण आहे. जुन्या लिप्या उलगडणारे आधी वेगवेगळी चिन्हं मोजतात. वीस-तीसच्या घरात असली तर बहुधा वर्णमाला, पन्नास ते शंभरच्या मधे असली तर ‘का’, ‘की’, ‘कु’ असा एकेक उच्चार एका चिन्हात लिहिणारी लिपी (क्रीटमधल्या ‘लिनिअर बी’त अशी सुमारे ८७ आहेत), शेकड्यांनी असली तर शब्दचिन्हं. ‘सेनार’मधल्या एका भाषेत चिन्हं काही डझनच असतात, म्हणून मोजणाऱ्याला ती वर्णमाला वाटते. त्यापेक्षा वाक्याची लांबी बघा. एक माणूस हातवारे करून आख्खी तक्रार सांगतो आणि फुग्यात चारच चिन्हं येतात. चार अक्षरांत एवढी तक्रार मावत नाही.

पाटी कशावर आहे ते न बघणं

रंकाळ्याच्या काठानं बाकांवरची नावं वाचा. माणसं वेगळी, आडनावं वेगळी, शेवट एकच: ‘यांच्या स्मरणार्थ’. मराठीचा गंध नसलेला माणूससुद्धा दहा बाक बघून सांगेल की शेवटचा शब्द मेलेल्या माणसाशी किंवा दिलेल्या वस्तूशी जोडलेला आहे. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकानं १८३७ मध्ये सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवर हेच केलं. छोटे छोटे लेख, प्रत्येकाचा शेवट त्याच दोन अक्षरांनी. हे लेख कठड्यावर आहेत, म्हणजे तो तो भाग देणाऱ्यांची नावं असणार, असं त्यानं ताडलं आणि शेवटचा शब्द ‘दानं’ धरला. त्यातून द, न आणि अनुस्वार मिळाले, आणि ब्राह्मी या प्राचीन लिपीची बाकीची दारं उघडत गेली. अशोकाचे लेख त्यानंतर वाचले गेले.

याच्या उलट उदाहरण सतराव्या शतकातल्या अथानासिउस किर्शर या जर्मन विद्वानाचं. इजिप्तच्या चित्रलिपीत, चौकटीत कोरलेलं एका राजाचं साधं नाव त्यानं ओसिरिस देवाच्या कृपेबद्दलचं लांबलचक गूढ वाक्य म्हणून वाचलं. चिन्ह कुठं आहे ते सोडून ते कसं दिसतं यावर कल्पनेचे इमले बांधले की असं होतं.

खेळताना म्हणूनच पडद्याचा फोटो काढायचा तर नुसत्या चिन्हांचा नको, सगळ्या खोलीचा काढा.

चिन्हाचे तुकडे

मध्यवर्ती बसस्थानकावर कर्नाटकच्या गाड्यांच्या कानडी पाट्या रोज दिसतात. कानडी येत नसेल तरी निपाणी, चिकोडी आणि बेळगावी या तीन पाट्या शेजारी ठेवून शेवटचं अक्षर बघा. अक्षरं तीन वेगळी, पण डोक्यावर वळण एकच. तो इकार. निपाणी आणि चिकोडीच्या पहिल्या अक्षरावरही तोच सापडेल. पाच मिनिटांत, कुणाला न विचारता, एक तुकडा कळला.

‘सेनार’मध्ये असे तुकडे अर्थाचे असतात. माणसांशी संबंधित चिन्हांत एक भाग सारखा, जागांच्या चिन्हांत दुसरा. नवशिके प्रत्येक चिन्ह आख्खं पाठ करतात. त्याऐवजी वहीचं एक पान फक्त तुकड्यांना द्या. अर्थ माहीत नसलेलं चिन्ह जागेचं आहे एवढं जरी कळलं तरी चित्रांच्या पानावर निम्मे पर्याय गळतात. २०१९ च्या ‘हेवन्स व्हॉल्ट’लाही हीच सवय उपयोगी पडते, तिथले लांब शब्द छोट्या शब्दांचे तुकडे जोडूनच बनतात.

किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या

किल्ल्यात पहारेकऱ्यांच्या नजरेआडून जायच्या जागा आहेत. तिथं पळू नका; आडोशाला थांबा, गस्तीची एक पूर्ण फेरी बघा, मग निघा.

किमयागारांच्या मजल्यावर आकडे येतात. ते शब्दांच्या पानात मिसळू नका, वेगळं पान करा.

एकाच बैठकीत दोन भाषा उरकू नका. दुसरीची चिन्हं पहिलीच्या अर्थानं वाचली जातात.

चौघांनी खेळत असाल तर माऊस एकाकडं आणि पेन्सिल दुसऱ्याकडं द्या. दोन्ही एकाच्या हातात असतील तर बाकीचे तिघं भडंग खात बसतात.

दुभाष्याचं काम करताना

पुढं एका जमातीचं बोलणं दुसरीच्या भाषेत बसवून द्यायचं असतं. इथं शब्दाला शब्द ठेवला की काम बिघडतं. क्रम बदलावा लागतो, अनेकवचनाची पद्धत बदलावी लागते, हे वर आलंच. त्याहून नाजूक भाग नावांचा. खालच्या मजल्यावरची माणसं स्वतःला भक्त म्हणवतात. योद्धे त्यांनाच ‘अपवित्र’ म्हणतात. माणसं तीच, शब्द वेगळा, आणि कोण कुणाबद्दल बोलतंय त्यावर ठरणारा. योद्ध्यांच्या वहीत ‘भक्त’ला जोडीदार शब्द शोधत बसलात तर तो मिळणार नाही. वाक्यातली बाकीची चिन्हं आधी बसवा, मग रिकाम्या जागी कोण उरतो ते बघा. आणि या जोडण्या कंटाळा आला म्हणून सोडून वर निघून जाऊ नका. त्या सगळ्या पूर्ण केल्याशिवाय गेमचा खरा शेवट दिसत नाही.