बी कधी पेरायची ते झाड ठरवतं: रानझाडांच्या छोट्या रोपवाटिकेची कृती

जून उजाडला की लागवडीसाठी रोपांची शोधाशोध सुरू होते आणि रोपवाटिकेत जे हाताशी असेल तेच उचललं जातं. बहुतेक वेळा ते गिरिपुष्प, गुलमोहर, सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ असतं, सगळी बाहेरून आलेली झाडं. ऐन, किंजळ, बेहडा, आपटा, सीतेचा अशोक या इथल्या रानझाडांची रोपं आयत्या वेळी मिळत नाहीत, कारण ती कुणीतरी वर्षभर आधी बी वेचून वाढवलेली असावी लागतात. सह्याद्रीच्या उतारावर आणि कोकणात उजाड झालेल्या जागी रान परत आणायचं असेल, तर हे काम गावातच करावं. पाचशे रोपांची रोपवाटिका दोन माणसं रोज तासभर देऊन सहज सांभाळतात.

सुरुवातीलाच जागा तपासा. नैसर्गिक गवताळ माळ आणि कातळसडे (उघड्या खडकाची पठारं) यांवर झाडं लावू नयेत. माळावर लांडगा, खोकड, तणमोर आणि चंडोल जगतात. सड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या कितीतरी वनस्पती इतर कुठेच सापडत नाहीत. कासचं पठार 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं ते तिथे झाडं नसताना, या फुलांसह. अशा जागी खड्डे खणले तर जैवविविधता घटते. लागवड करायची ती तुटलेल्या रानाच्या कडेला, ओढ्याकाठी, देवराईच्या भोवती, पडीक खाजगी जमिनीवर. जुन्या जाणत्यांना विचारा की इथे पूर्वी कोणती झाडं होती. गावची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद, तयार झालेली असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन तीही पाहा.

बी कुठून आणि किती घ्यायची

एकाच मोठ्या, देखण्या झाडाखाली बसून पोतंभर बी गोळा करणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. ती सगळी रोपं एकमेकांची भावंडं होतात. उद्या एखादी कीड आली किंवा दुष्काळ पडला तर सगळी एकदम बळी पडतात. झाड आसपास एकटंच असेल तर बी स्वपरागणाची असण्याची शक्यता मोठी, आणि अशी रोपं अनेकदा खुरटी निघतात. एका जातीसाठी किमान 10 झाडं शोधा. ती एकमेकांपासून निदान 50 ते 100 मीटर अंतरावर असावीत. झाड निरोगी आणि मध्यम वयाचं हवं, मग ते सरळसोट नसलं तरी चालेल. वाकडं, फांद्या फुटलेलं झाडही रानाला हवं असतं. सरळ खोडाचा आग्रह लाकूडतोडीसाठी रोपं करणाऱ्यांचा.

खाली पडलेल्या फळांपैकी फार तर चौथा हिस्सा उचला. बाकीचा शेकरू, साळिंदर, भेकर आणि माकडांचा, आणि उरेल तो जमिनीचा. अभयारण्य किंवा राखीव जंगलातून वन विभागाच्या परवानगीशिवाय बी आणू नये. देवराईतून काही बाहेर न्यायचं नाही असा अनेक गावांचा नेम आहे. तिथे आधी गावकऱ्यांना आणि पुजाऱ्यांना विचारावं, आणि नाही म्हणाले तर ते मानावं. त्या नेमामुळेच ती झाडं आजवर टिकली आहेत.

पिशवीवर जात, ठिकाण, तारीख आणि किती झाडांची बी ते लगेच लिहा. घरी गेल्यावर लिहू म्हटलं की बेहडा आणि अर्जुन ओळखू येतात, पण दोन टेकड्यांवरचा ऐन एकमेकांत मिसळून जातो.

बियांचे दोन स्वभाव

सगळं कसब इथे आहे. काही बिया वाळवून महिनोन् महिने ठेवता येतात. काहींना वाळणं म्हणजे मरण.

जांभूळ, फणस, रातांबा, मोह, सीतेचा अशोक या दुसऱ्या गटातल्या. त्यांच्यात पाणी भरपूर असतं, ते उडालं की आतला अंकुर मरतो. कडुनिंबाची बीही फार टिकत नाही. या बिया मे ते जुलैमध्ये, पावसाच्या तोंडावर पिकतात, कारण पडल्या पडल्या ओल्या मातीत रुजायचं हाच त्यांचा बेत असतो. म्हणून फळं आणली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गर धुऊन काढा, बी सावलीत फक्त वरवर कोरडी होऊ द्या आणि पेरा. उन्हात वाळवलेली जांभळाची बी दिसायला छान असते, उगवत मात्र नाही. चार-पाच दिवस थांबावंच लागलं तर ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा वाळूत, हवा खेळत्या टोपलीत ठेवा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ती उबून कुजते. जांभळाच्या एका बीतून कधी कधी दोन-तीन कोंब येतात. सगळ्यात जोमदार राखा, बाकीचे कात्रीने कापा. उपटायला गेलात तर राखलेल्याचीही मुळं दुखावतात.

पहिल्या गटातल्या बिया हिवाळा-उन्हाळ्यात मिळतात. बेहडा, हिरडा, खैर, शिरीष, बहावा आणि आपटा साधारण डिसेंबर ते मार्च-एप्रिल या काळात, ऐन फेब्रुवारीपासून, अर्जुन, सावर आणि पांगारा उन्हाळ्यात. त्या सावलीत वाळवून कापडी पिशवीत, राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून ठेवता येतात. खैर आणि शिरीषच्या शेंगांत भुंग्याच्या अळ्या असतात. बारीक भोक पडलेल्या बिया निवडून टाका, नाहीतर पूर्ण साठा पोखरला जातो. सावरीच्या बियांचा जोम लवकर उतरतो, त्या त्याच हंगामात पेराव्यात.

पाण्यात टाकून तरंगणाऱ्या बिया फेकायच्या ही चाचणी जांभूळ, करंज, कडुनिंब यांना चांगली लागू पडते. ऐन, किंजळ, अर्जुन यांच्या पंखवाल्या फळांना ती लावू नका, चांगलीही तरंगतात. त्यांची दहा-बारा फळं कापून आत पांढरा, भरलेला गर आहे का पाहा. किंजळाची बहुतेक फळं पोकळ निघतात, म्हणून तिची फळं भरपूर लागतात आणि ती वाफ्यात दाट फेकून पेरावी लागतात.

टणक कवच फोडणं

बहाव्याची शेंग फोडली की खणाखणात काळ्या चिकट गरात एकेक बी सापडते. ती तशीच पेरली तर वर्षभर मातीत पडून राहू शकते, कारण कवचातून पाणी आत शिरत नाही. शिरीष, आपटा, पांगारा यांचंही कमीअधिक असंच आहे.

बियांच्या पाचपट पाणी उकळा आणि भांडं आचेवरून उतरवा. दोन मिनिटं थांबा, मग बिया टाका आणि रात्रभर त्याच पाण्यात निवू द्या. बिया आचेवर शिजवू नका, सगळा घाणा तिथेच संपतो. सकाळी ज्या फुगल्या त्या लगेच पेरा, ज्या नाही फुगल्या त्यांना पुन्हा एकदा तेच पाणी द्या. बिया थोड्याच असतील तर नेलकटरने कवचाला एक बारीकशी खाच पाडून साध्या पाण्यात 12 ते 24 तास भिजवणं अधिक खात्रीचं. खाच बीच्या डोळ्याच्या (बी शेंगेला जिथे जोडलेली असते त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूला पाडावी, डोळ्यापाशी अंकुर असतो.

बेहड्याची वरची साल आणि गर काढून एक-दोन दिवस भिजवला की तो पुढे निमूट उगवतो. हिरडा मात्र सावकाश आणि कमी उगवतो. त्याचं कवच एका टोकाला हलकेच कापून दीड दिवस भिजवून पेरा, आणि हव्या त्या रोपांच्या चौपट-पाचपट बिया धरा. वाफ्यात महिना-दोन महिने काही दिसलं नाही तरी तो उकरू नका.

वड, पिंपळ आणि उंबर यांची बी मोहरीपेक्षाही बारीक. पिकलेलं फळ चुरडून, वाळवून, विटांच्या भुग्यात मिसळा आणि कुंडीत वर भुरभुरा, मातीखाली गाडू नका. पाणी वरून घातलं तर बी वाहून जाते, म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या. ही मेहनत सत्कारणी लागते. इतर झाडं रिकामी असतात तेव्हाही कुठला ना कुठला उंबर फळलेला असतो, आणि आपला राज्यपक्षी हरियाल याच फळांवर तग धरतो.

माती, पिशवी, पाणी

दोन घमेली माती, एक वाळू, एक पूर्ण कुजलेलं शेणखत, सगळं चाळून एकत्र करा. कच्चं शेण घातलंत तर हुमणी येते आणि रोपांची मुळं खाते. 6 बाय 8 इंची पिशवीत सुमारे सव्वा लिटर मिश्रण बसतं, म्हणजे 500 पिशव्यांना 40 ते 45 घमेली. खालच्या अर्ध्या भागाला 8 ते 12 भोकं हवीत. जागा दहा बाय बारा फूट पुरते. उन्हाळ्यात रोज 60 ते 80 लिटर पाणी लागतं, ते जवळ आहे का हे आधी बघा.

बी तिच्या जाडीच्या दुप्पट खोल पेरा, त्याहून खोल नको. पाणी बारीक झारीने, सकाळी द्या. रोज भरमसाट पाणी घातलं की कोवळी रोपं मातीच्या रेषेपाशी काळी पडून आडवी होतात. हा मर रोग बुरशीने होतो आणि गर्दीत झपाट्याने पसरतो. तसं दिसलं तर पाणी थांबवा, मेलेली रोपं मातीसकट काढा, वाफ्यावर कोरडी वाळू पसरा आणि वारा खेळू द्या. वाफ्यातली रोपं पिशवीत हलवायची ती खरी पानं दोन ते चार असताना, संध्याकाळी. रोप पानाला धरून उचला. पान तुटलं तर दुसरं येतं, खोड चेपलं तर रोप जातं.

सर्वात मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पिशवीत जास्त महिने राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी पोचून गोल गोल गुंडाळलं जातं. वरून रोप चार फूट आणि तजेलदार दिसतं. लावल्यावर दोन-चार वर्षं वाढतंही, मग एखाद्या वादळात बुडख्यापासून उलटतं किंवा कोरड्या वर्षी वाळतं, कारण मुळाने खालचं पाणी कधी गाठलेलंच नसतं. वर्षभर ठेवायची रोपं 8 बाय 12 इंची पिशवीत हलवा. दर महिन्याला पिशव्या उचलून जागा बदला आणि बाहेर आलेली मुळं कापा. पळसाचं मूळ तर इतकं घाईने खाली जातं की त्याची शेंग पावसाच्या सुरुवातीला थेट जागेवरच पेरावी. पहिली काही वर्षं त्याचा शेंडा उन्हाळ्यात सुकतो आणि पावसात पुन्हा फुटतो, मूळ मात्र वाढत असतं. मेलं म्हणून उपटू नका.

सीडबॉलबद्दल इथेच सांगायला हवं. मातीच्या गोळ्यात बी घालून डोंगरावर फेकणं सोपं आणि उत्साहाचं काम आहे, पण टणक कवचाची बी गोळ्यात तशीच राहते, नाजूक बी वाळून मरते, आणि जी उगवते तिला गवत दाबतं किंवा शेळी खाते. तेवढेच हात रोपवाटिकेला लावा.

बाहेर नेताना

लागवडीच्या महिनाभर आधी रोपांवरची सावलीची जाळी टप्प्याटप्प्याने काढा आणि पाणी एक दिवसाआड करा. खड्डे मे महिन्यात, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. लावायचं ते जमीन वीतभर ओली झाल्यावर, जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. पहिल्याच वळवाच्या सरीवर घाई करू नका.

पावसाचा भरवसा आता पूर्वीसारखा नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. चार दिवसांत धो धो आणि मग दोन-तीन आठवडे कोरडे, यात जुलैत लावलेलं रोपही वाळतं. म्हणून भर पावसाळ्यातही पाण्याची एक टाकी जागेवर तयार ठेवा, आणि रोपं एकाच आठवड्यात न लावता दोन टप्प्यांत लावा. उतारावर आळं अर्धचंद्राचं, खालच्या बाजूला बांध घालून. सपाट, पाणी साचणाऱ्या जागी खोडाभोवती माती थोडी उंच.

पिशवी फाडून पूर्ण काढा आणि मोजून परत आणा. गुंडाळलेली मुळं धारदार सुरीने कापा. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच रोप गाडा. भोवती हातभर गवत काढून त्याचंच आच्छादन घाला, खोडाला न टेकवता. गुरं येत असतील तर करवंदीच्या किंवा बोरीच्या काट्यांचं कुंपण करा.

पावसाळा सरला की गवत वाळायला लागतं, आणि तिथून पुढे मोठा शत्रू वणवा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच लागवडीभोवती 3 ते 5 मीटर रुंदीची पट्टी गवत कापून मोकळी करा. पट्टी जाळून साफ करायची असेल तर ती वन विभागाच्या माणसांसोबतच, वारा नसताना. पहिल्या दोन उन्हाळ्यांत दर आठ-दहा दिवसांनी रोपाला 10 ते 15 लिटर पाणी, सावकाश. मेलेल्या रोपांची नोंद जातीनुसार ठेवा. पुढच्या फेब्रुवारीत बी वेचायला निघताना कोणत्या टेकडीवरचा ऐन जगला आणि कोणता गेला, ते त्या वहीत सापडेल.