तिसरा हिरवा लागला नाही तर: आधी इंधनाचा आकडा

चाकं खाली घेतली. प्रत्येक चाक खाली येऊन लॉक झालं की त्याचा हिरवा दिवा लागतो. दोन हिरवे लागले, तिसरा नाही. छोट्या जेटमध्ये या क्षणासाठी काय तयार हवं ते निघण्याआधीच ठरवून ठेवा. त्यात सगळ्यात वर इंधनाचा आकडा. सिम्युलेटरमध्ये माझं बाकी सगळं जमलं होतं, फक्त हा आकडा ठरवायचा राहिला. चाकं लॉक झाली तेव्हा एका गो-अराउंडपुरतंही (न उतरता पुन्हा वर जाण्यापुरतंही) इंधन शिल्लक नव्हतं.

म्हणून बिघाड शोधायला लागण्यापूर्वी आकडा लिहा. अमुक इतकं उरलं की शोध बंद, चाकांची जी काही स्थिती असेल तिच्यासह उतरायचं. लिहाच, मनात ठेवून चालत नाही. हिशेब करताना क्रूझचा, म्हणजे उंचावरच्या सरळ प्रवासातला फ्युएल फ्लो (इंधन जळण्याचा वेग) धरू नका. खालच्या उंचीवर जेट बरंच जास्त इंधन खातं आणि लोंबणाऱ्या चाकांच्या ड्रॅगमुळे (हवेच्या अडथळ्यामुळे) त्यात आणखी भर पडते. आत्ता गेजवर जो फ्लो दिसतोय तोच धरा. 28 डिसेंबर 1978 ला युनायटेड एअरलाइन्सचं फ्लाइट 173 हे डीसी-8 प्रवासी विमान चाकांच्या काळजीत अमेरिकेत पोर्टलंडजवळ सुमारे तासभर घिरट्या घालत राहिलं. इंधन संपून इंजिनं बंद पडली, दहा जण गेले. इंधन उतरत चालल्याचं कॉकपिटमध्ये बोललं गेलं होतं, पण ठणकावून कुणी सांगितलं नाही. तेव्हा दर काही मिनिटांनी आकडा मोठ्याने म्हणायचा आणि दुसऱ्याने तो परत म्हणायचा.

विमान कोण उडवणार तेही आधीच वाटून घ्या. गो-अराउंड, सुरक्षित उंची, ऑटोपायलट, मग होल्डिंग, म्हणजे ठरलेल्या जागी घिरट्या. उडवणाऱ्याने दिव्यांकडे बघायचंच नाही. 29 डिसेंबर 1972 ला ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट 401 नोज गिअरच्या (नाकाखालच्या चाकाच्या) एका जळालेल्या बल्बपायी फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. ऑटोपायलटचा उंची टिकवणारा अल्टिट्यूड होल्ड सुटला होता आणि उंचीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. एकटे असाल तर चेकलिस्टची एक ओळ, मग अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र), मगच पुढची ओळ.

दिव्यांची टेस्ट सगळ्यात आधी. चाकांचा लिव्हर पूर्ण खाली बसलाय ना, हायड्रॉलिक प्रेशर आहे ना, चाकांच्या विजेचा ब्रेकर उडालाय का, एवढं बघा. ब्रेकर पुन्हा दाबायचा की नाही ते चेकलिस्ट सांगेल. चाकं वर-खाली करून बघण्याचा मोह आवरा. आतलं काही तुटलं असेल तर वर गेलेलं चाक पुन्हा खाली येईलच असं नाही. चेकलिस्ट सांगत असेल तरच. चाकं लॉक नसल्याचा इशारा देणारा हॉर्न थ्रॉटल मागे घेतल्यावर वाजतोय की फ्लॅपमुळे, हे ओळखता यायला हवं. न ओळखता नुसता गप्प करू नका.

इंधनाचा आकडा पुन्हा बघा. आता आणीबाणीचं हँडल. बऱ्याच छोट्या जेटमध्ये ते ओढलं की चाकांना वर धरून ठेवणारे अपलॉक सुटतात आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली येतात. तरी लॉक झाली नाहीत तर रडरने हळूच डावी-उजवीकडे यॉ द्या, म्हणजे नाक थोडं बाजूला वळवा, हवेचा दाब बाजूची चाकं लॉकमध्ये ढकलतो. मग दाबाने चाकं खाली ढकलणारी नायट्रोजनची बाटली. चाकं खाली घेण्याची वेगाची मर्यादा इथेही सुटत नाही. बाटली वापरली की चाकं परत वर घ्यायची नाहीत. म्हणजे यापुढचं प्रत्येक गो-अराउंड चाकं खाली ठेवूनच, कमी चढ आणि जास्त इंधन. आकडा ठरवताना हेच धरायचं असतं, आणि नेमकं हेच राहून जातं. काही विमानांत आणीबाणीचे ब्रेकही त्याच बाटलीवर चालतात. आपल्या विमानात काय आहे ते आजच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

चाकं दाखवायला टॉवरजवळून खालून जायचं का? चाक लोंबतंय की नाही एवढंच टॉवरला दिसतं, लॉक झालंय की नाही ते दिसत नाही. शिवाय त्या फेरीलाही इंधन लागतं. आकड्यात बसत असेल तरच जा.

पुढचं थोडक्यात. लांब धावपट्टी मागा, अग्निशमन गाड्या बोलवा. प्रवाशांना पट्टे, ब्रेस (धक्क्याआधी वाकून बसणं) आणि दरवाजा कुठला ते सांगा, सुट्या वस्तू बांधा. आकडा आला की निघा, आणखी एक प्रयत्न नाही. हळुवार टेका, संशय असलेली बाजू जमेल तितकी उशिरा खाली येऊ द्या, आग किंवा धूर दिसला तर लगेच सगळे बाहेर. दिवे तीनही हिरवे असले तरी टॅक्सी करू नका, धावपट्टीवरच थांबा. चाकं मिटू नयेत म्हणून लावायच्या गिअरच्या पिना बसेपर्यंत इंजिनिअर सोडून कुणी विमानाखाली जायचं नाही. टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) कुठला दिवा, कुठल्या वेगाला, बाटली वापरली की नाही, आणि उतरताना किती इंधन होतं ते लिहा.