लिव्हरची गाठ सुईने जाळताना फ्यूजन कुठे चुकतं? या चुका टाळा

परळला सोनोग्राफी रूममधे टेक्निशियन आहे, त्यामुळे हे रोज डोळ्यासमोर घडतं. लिव्हरमधली गाठ ३ सेमीपर्यंत असेल तर पोट न फाडता सुईने जाळता येते, आरएफए (रेडिओ लहरींची उष्णता) नाहीतर मायक्रोवेव्हने. पण सीटीत ठसठशीत दिसणारी गाठ सोनोग्राफीत कधीकधी दिसतच नाही, त्यात सिरॉसिस (लिव्हर कडक आणि गाठाळ होणं) असेल तर सगळं लिव्हरच खडबडीत, खरी गाठ कुठली आणि सिरॉसिसचा नोड्यूल म्हणजे नुसता उंचवटा कुठला कळत नाही. म्हणून सीटी किंवा एमआरआय सोनोग्राफी मशीनमधे टाकून जुळवतात, इकडे प्रोब (पोटावर टेकवायचा सोनोग्राफीचा दांडा) फिरवला की बाजूला सीटीही तशीच फिरते. हे फ्यूजन.

यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे सीडी न आणणं. फिल्मचा लिफाफा आणतात, मोबाईलवर फोटो दाखवतात, पण मशीनला डायकॉम, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल फाईलच लागते. मागे खेडहून एक काका आलेले, रात्रीपासून उपाशी, टेबलावर झोपवलं आणि कळलं की सीडी डोंबिवलीला बहिणीकडे राहिली. पोरगा बिचारा लोकलने परत गेला, घामाघूम होऊन सीडी आणली तर तिच्यात निवडक आठ-दहा फोटोच! सेंटरवरून सीडी घेतानाच सांगा की सगळ्या फेजचे (औषध टोचल्यावर वेगवेगळ्या वेळी काढलेले) सगळे पातळ स्लाइस द्या. आणि स्कॅन ताजा हवा, मधल्या काळात गाठ वाढते, पोटात पाणी झालं तर लिव्हर जागचं हलतं.

दुसरं श्वासाचं, आणि इथे खरी गोची होते. सीटी श्वास धरून काढलेला असतो. आम्ही पोर्टल व्हेन (लिव्हरमधे रक्त आणणारी मोठी शीर) जिथे दोन फांद्यांत फुटते ती जागा दोन्हीकडे एकावर एक बसवतो, छान बसते, आणि पेशंटने घाबरून मोठा श्वास घेतला की सोनोग्राफीतली फांदी सर्रकन खाली जाते, सीटीतली जागेवरच. साध्या श्वासातसुद्धा लिव्हर सेंटिमीटरभर सहज सरकतं, म्हणजे छोटी गाठ हुकलीच समजा. म्हणून आदल्या दिवशी घरी सराव करा, साधा श्वास घ्यायचा, धरायचा, सोडायचा, दर वेळी तेवढाच. पेशंट कुशीवर वळला तर पुन्हा जुळवायचं, आळस करायचा नाही.

प्रोबची जागा मशीनला चुंबकीय फील्डने कळते, त्यामुळे लोखंडी ट्रॉली जवळ नको. पेसमेकर असेल तर आधीच सांगा, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचंही.

आमच्या नवीन मुलांना मी एकच सांगतो, सीटीवरून गाठीच्या जागी स्क्रीनवर दिसणारं खुणेचं वर्तुळ म्हणजे गाठ नव्हे, शेजारची रक्तवाहिनी जुळतेय का ते सुई घालायच्या आधी बघा. जाळायला सुरुवात झाली की वाफेचे बुडबुडे होतात, सगळं पांढरं दिसतं, मग शोधून उपयोग नाही. मोठ्या रक्तवाहिनीजवळ तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि त्या बाजूची गाठ शिल्लक राहू शकते.

गाठीभोवती निदान ५ मिमी जागा जळायला हवी. ती जळली का हे बघायला साधारण महिन्याने परत स्कॅन करतात आणि जुन्या सीटीवर ठेवून पडताळतात, म्हणून ती जुनी सीडी फेकू नका, फाईलमधेच राहू द्या.