हल-हाऊसचा मजुरी-नकाशा कसा वाचावा

शिकागोच्या हॅल्स्टेड रस्त्यावर १८८९ मध्ये जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी हल-हाऊस सुरू केले. सुशिक्षितांनी गरीब वस्तीत जाऊन तिथेच राहायचे, ही त्यामागची कल्पना. १८९३ मध्ये हल-हाऊसमध्येच राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांच्या देखरेखीखाली त्या वस्तीतल्या घराघरांची सरकारी पाहणी झाली. पाहणीचे तक्ते वॉशिंग्टनला जाण्याआधी त्यांच्या नकला हल-हाऊसमध्ये उतरवून घेतल्या गेल्या आणि त्यांवरून काढलेले दोन नकाशे १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले: एक राष्ट्रीयत्वांचा, दुसरा मजुरीचा.

दोन्ही नकाशे शेजारी ठेवा, पण रंगसूची दर वेळी नव्याने पाहा. घोळ इथेच होतो. पहिल्यात निळा म्हणजे इटालियन, दुसऱ्यात कुटुंबाची आठवड्याची कमाई ५ ते १० डॉलर. पहिल्यात पांढरा म्हणजे इंग्रजी बोलणारे, दुसऱ्यात कुंटणखाने. मजुरी-नकाशात काळा ५ डॉलरपर्यंत, लाल १० ते १५, हिरवा १५ ते २० आणि पिवळा त्याहून जास्त.

आता आकडा कसा काढला ते समजून घ्या, कारण या नकाशाचा सगळा जीव त्यात आहे. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून बेकारीचे आठवडे वजा करायचे, उरलेल्यांना आठवड्याच्या मजुरीने गुणायचे आणि पुन्हा ५२ ने भागायचे. समजा, एकाला १२ डॉलर मिळतात, पण २२ आठवडे काम नाही. ३० गुणिले १२ म्हणजे ३६०; भागिले ५२, म्हणजे ६.९२. हातात पडणाऱ्या मजुरीकडे पाहिले तर माणूस लाल रंगात बसतो, वर्षाचा हिशेब केला की निळ्यात येतो. ‘कष्ट करणारा उपाशी राहत नाही’ म्हणणाऱ्यांना याहून नेमके उत्तर देता आले नसते.

मग घरातल्या सगळ्यांचे असे आकडे एकत्र करायचे. त्याच घरातली मुलगी शिवणकामाच्या कारखान्यात ५ डॉलरवर ४० आठवडे राबली, तर तिचे ३.८५ धरून घर १०.७७ वर, म्हणजे लालमध्ये जाते. म्हणून लाल दिसले की ‘बापाची कमाई बरी’ असे लगेच धरू नका. पैसे देऊन राहणारा भाडोत्री मात्र वेगळा मोजलेला असतो.

नकाशावरच्या जागेच्या प्रत्येक तुकड्यात रंग प्रमाणाने भरले आहेत. त्यावरून पुढच्या घरात कोण आणि गल्लीकडच्या मागच्या घरात कोण, हे कळत नाही. दाटीही कळत नाही: अख्खा निळा तुकडा एका कुटुंबाचाही असेल, दहांचाही.

राष्ट्रीयत्वाच्या नकाशात आणखी एक मेख आहे. परदेशी आईबापांची, पण अमेरिकेत जन्मलेली मुले दहा वर्षांवरची असली किंवा सार्वजनिक शाळेत जात असली, की ‘इंग्रजी बोलणारी’ गणली आहेत. त्यामुळे इटालियन गल्लीत पांढरी पट्टी दिसली, तर ती बहुधा त्याच घरातल्या पोरांची.

एवढे झाले की इलिनॉयचा १८९३ चा कारखाना कायदा हाती घ्या. त्याने १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी केली आणि बायकांचा कामाचा दिवस आठ तासांचा ठरवला. आठ तासांचे कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द केले. दोन्ही कलमे डोळ्यांपुढे ठेवून लाल तुकडे पुन्हा तपासा आणि त्यांतली कमाई कोणाकोणाची असू शकेल, ते मांडून पाहा.