इटालियन कार्बाइन आणि तिची संगीन: घ्यावी कशी, जपावी कशी

माझी पहिली कार्कानो, म्हणजे इटालियन सैन्याची जुनी बंदूक, घरी आली त्याच रविवारी मी तिचा लाकडी दस्ता काचकागदाने घासून काढला. डाग गेले, ओरखडे गेले, लाकूड लग्नातल्या पाटासारखं चकचकीत झालं. दस्त्याच्या उजव्या अंगावर एक पुसट गोल शिक्का होता. तोही भुशाबरोबर गेला. अशा वस्तूची किंमत शिक्क्यांतच असते, हे मला एका म्हाताऱ्या संग्राहकाने नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणून या लेखात पुढे ‘करू नका’ जरा जास्त आहे.

आधी कायदा

‘अँटिक’ची व्याख्या देशोदेशी वेगळी. इटलीत १८९० च्या आधीचं हत्यार प्राचीन धरतात, म्हणजे १८७० ची व्हेटर्ली, ही कार्कानोच्या आधीची इटालियन बंदूक, त्यात बसते आणि १८९१ ची कार्कानो थोडक्यात हुकते. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अँटिक. त्यामुळे तिथे १८९८ ची कार्कानो आणि १८९९ ची कार्कानो दिसायला जुळ्या बहिणी असल्या तरी कायद्याच्या लेखी वेगळ्या.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमातलं कलम ४५ जुन्या धाटणीच्या हत्यारांना सूट देतं, पण दुरुस्ती करूनही जे चालणार नाही अशालाच. चालू शकणारी बंदूक कितीही जुनी असो, परवाना हवाच. संगिनीचं नावही शस्त्र नियमांच्या यादीत आहे. तेव्हा मिलानच्या जुन्या बाजारात आवडली म्हणून संगीन बॅगेत टाकून मुंबईला उतरू नका.

काय घ्यायचं

नवशिक्याने एकच प्रकार धरावा. माझ्या मते तो घोडदळाची १८९१ मॉडेलची कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक. हिची संगीन बंदुकीलाच जोडलेली असते आणि घडी करून नळीखालच्या खाचेत झोपते. म्हणजे संगीन वेगळी शोधायची कटकट नाही, आणि खोटी जोडी गळ्यात पडण्याची भीतीही नाही.

दुसरी ‘टी. एस.’, म्हणजे विशेष दलांसाठीची. तिच्या मूळ संगिनीची खाच आडवी, त्यामुळे ती समोरून नाही, बाजूने सरकवून बसवतात. पुढे बऱ्याच टी. एस. नेहमीच्या संगिनीसाठी बदलून घेतल्या गेल्या. म्हणून आडव्या खाचेची संगीन आणि तिला शोभेल अशी न बदललेली बंदूक एकत्र दिसली, तर भाव करायच्या आधी दोन्ही हातात घ्या आणि जोडून पाहा. तिसरी ९१/२४. ही लांब रायफल कापून केलेली. कार्कानोच्या मूळ नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांचा पीळ तोंडाकडे घट्ट होत जातो. कापताना नेमका तोच घट्ट भाग गेला, आणि नेमबाजीत तिचं नाव खराब झालं. भिंतीवर लावायला मात्र ती झकास.

मराठी माणसाचा या बंदुकांशी एक जुना संबंधही आहे. १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान लढले, तेव्हा समोरच्या इटालियन फौजेच्या हातात कार्कानोच होत्या.

शिक्के वाचा

नळीच्या मागच्या टोकाला कारखाना, साल आणि क्रमांक असतो. सगळ्यात गाजलेलं उदाहरण केनेडींच्या हत्येतली बंदूक: तेर्नी, १९४०, क्रमांक सी २७६६. आधी अक्षर, मग आकडे. तेर्नीशिवाय ब्रेशा, तोरे अनुन्झियाता, गार्दोने ही नावं भेटतील. १९२२ नंतरच्या काही नळ्यांवर सालाशेजारी रोमन आकडा दिसतो. ते मुसोलिनीच्या राजवटीचं वर्ष, २८ ऑक्टोबरपासून मोजलेलं. १९३८ शेजारी सोळा असेल तर ठीक. दोन आकडे एकमेकांशी जमत नसतील, तर विकणाऱ्याला चहा पाजून सविस्तर विचारा.

आणखी एक. कार्कानोच्या बोल्टवर, म्हणजे नळीमागच्या पुढे-मागे सरकणाऱ्या खिटीवर, क्रमांक टाकत नसत. ‘बोल्टसकट सगळे नंबर जुळतात’ म्हणून कोणी भाव चढवत असेल, तर पाकीट खिशातच राहू द्या.

कामाला बसताना

पहिलं काम: बोल्ट मागे ओढा, नळीचं घर (जिथे गोळी बसते) डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालून चाचपा. मॅगझिनही बघा, त्यात सहा गोळ्यांची क्लिप बसते. शंभर वर्षांची वस्तू आहे, कोण काय ठेवून गेलं असेल सांगता येत नाही. गोळी निघाली तर हात लावू नका, जाणकाराला बोलवा. आणि ही बंदूक उडवायचा विचार आला, तर तो परवानाधारक गनस्मिथकडे जाऊन बोला. इथे फक्त जपणूक चालली आहे.

मग फोटो. प्रत्येक शिक्का, प्रत्येक स्क्रू, तिरप्या उजेडात. तिरप्या उजेडात पुसट शिक्काही उठून दिसतो.

स्क्रू खोलताना खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या, नसेल तर टोक घासून बसवा. खाच फाटलेला एक स्क्रू अख्ख्या बंदुकीची कळा घालवतो. अडकला तर पातळ तेलाचा थेंब सोडा आणि दोन दिवस विसरून जा.

लोखंडाला आधी रॉकेलच्या बोळ्याने पुसा, जुनं ग्रीस सुटतं. तांबडा गंज असेल तिथे तेल लावून तांब्याच्या नाण्याच्या कडेने हलके खरवडा. अमेरिकेत असाल तर १९८२ च्या आधीचा पेनी उत्तम. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि खालचा काळसर थर राहतो. तो थर घालवायचा नाही! कड्या, स्क्रू असे सुटे भाग अर्धा तास डिस्टिल्ड पाण्यात उकळा. तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा होत जातो. काजळीसारखी भुकटी फडक्याने पुसा आणि वस्तू गरम असतानाच तेल लावा.

घोडदळी कार्बाइनवर सगळ्यात जास्त वेळ संगिनीच्या खाचेत जातो. संगीन मिटलेली असताना घाम, धूळ, ग्रीस सगळं तिथेच साचतं. माझ्या खाचेतून तपकिरी गोळे निघाले, सुकलेल्या शेणासारखे. बांबूची काडी वापरा, धातूची नको. संगिनीचा जोड तेल घालून हळूहळू हलवा. दोन्ही टोकांना ती खट्‌कन अडकली पाहिजे. हातोडी नाही.

लाकडाला साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, लगेच कोरडं फडकं, दोन दिवस सावलीत. मग कच्चं जवसाचं तेल तळहाताने चोळा, थेंबाथेंबाने. पुन्हा आठवड्याने. व्हार्निश नको, पॉलिश नको. आणि हे गंभीरपणे घ्या: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. अंगणात दोरीवर पसरून वाळवा.

सुट्या १८९१ संगिनीचं पातं सुमारे ३० सेंटिमीटरचं. त्याला धार लावायची नाही. मुठीच्या लाकडी फळ्यांचे रिव्हेट उपटायचे नाहीत, पुन्हा तसे बसत नाहीत. चामड्याच्या म्यानावर पितळी टोपण असेल तर त्यावर हिरवा कळंक चढलेला असतो. घरच्या पितळेला लावतो ती चिंच इथे चालत नाही, आंबट पाणी चामड्यात मुरतं. काडीने खरवडा, कोरडं पुसा, बस.

पातं कायमचं चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. दोन्ही शेजारी ठेवा, पात्यावर तेलाचं बोट फिरवा. कोरड्या हवेत महिन्यातून एकदा पुरतं. कोकणात राहत असाल तर जून ते सप्टेंबर दर रविवारी.