खाऱ्या हवेत घरचा सर्व्हर

दापोली, गुहागर, देवगड, मालवण, कुठेही घरचा सर्व्हर लावायचा तर सुरुवात जागेपासून करा. घरचे फोटो, कागदपत्रं, निरोप परक्या कंपनीकडे न ठेवता आपल्याच यंत्रावर ठेवायचे, एवढाच या उद्योगाचा अर्थ. सॉफ्टवेअर पुण्यात चालतं तसंच इथेही चालतं. किनाऱ्यावर यंत्र मरतं ते हवेने आणि लाईटने.

हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. म्हणजे मदरबोर्डवर बसलेला खारा थर ओला राहतो, त्यातून वीज वाहते आणि तांब्याला गंज चढतो. म्हणून समुद्राकडची पडवी नको, खिडकीखालचं टेबल नको, चुलीमागची भिंतही नको. माजघरातलं आतल्या भिंतीचं फडताळ बरं. पंख्याचं यंत्र तीच हवा दिवसभर आत ओढतं, तेव्हा बिनपंख्याचा मिनी पीसी मिळाला तर घ्या. आणि चालू यंत्र कोमट राहतं, त्यावर ओल कमी धरते. चार महिने बंद पडलेलं यंत्र लवकर सडतं. महिनाभर मुंबईला जाताना ‘उगाच कशाला चालू’ म्हणून बंद करून जाऊ नका.

यंत्र नवंच हवं असं नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना लॅपटॉप पुरतो, शिवाय त्याला बॅटरी अंगचीच असते. झाकण मिटल्यावर झोपू नये अशी सेटिंग करा आणि शक्य असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांच्या खाली ठेवा. कायम भरलेली बॅटरी उष्म्यात फुगते. फुगलेली दिसली तर ती काढायचीच, त्यात चालढकल नको. विजेचा हिशोब सोपा आहे: १० वॅट सतत ओढले तर महिन्याला सुमारे ७ युनिट. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकही चालेल, पण मेमरी कार्डावर डेटा ठेवू नका. सतत लिहिलं गेलं की कार्ड मरतं. पायला एसएसडी जोडा आणि त्याचाच चार्जर वापरा.

लाईट गेल्यावर लॅपटॉप चालू आणि राऊटर बंद, असा प्रकार फार घरांत दिसतो. राऊटर आणि फायबरची डबी बहुधा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी मिनी यूपीएस मिळतो, तो घ्या. विजांचं वेगळं. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नेटची तांब्याची वायरही सोडवायची. घरातून मांगरापर्यंत तांब्याची वायर मुळीच ओढू नका. फायबर टाका नाहीतर वायफायवर भागवा. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की आणखीच. वायरमनकडून एकदा मोजून घ्या.

आता नेट. राऊटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे नेट कंपनीने राऊटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. अख्ख्या चाळीला एकच पत्ता आणि पोस्टमनला खोली नंबर ठाऊक नाही, तशी ही गत: आतून बाहेर पत्र जातं, बाहेरून थेट तुमच्या दारी येत नाही. पोर्ट फॉरवर्डिंगचे (राऊटरमध्ये बाहेरच्यांसाठी दार उघडण्याचे) व्हिडिओ बघून अशा लाईनवर काही होणार नाही. त्यापेक्षा टेलस्केल हे सॉफ्टवेअर टाका. ते वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीवर चालतं, सर्व्हर आणि घरच्यांचे फोन एका खासगी जाळ्यात येतात, बाहेर एकही दार उघडावं लागत नाही. गंमत म्हणजे टेलस्केलचे पत्तेही त्याच १०० च्या गटातले असतात, ते बघून गोंधळू नका. त्याचा समन्वय करणारा सर्व्हर त्या कंपनीचा आहे, हे काही कट्टर लोकांना खुपतं. त्यांच्यासाठी हेडस्केल आहे, म्हणजे तो समन्वयाचा सर्व्हर स्वतःच चालवायचा, पण ते चालवायला बाहेर पत्ता असलेलं यंत्र लागतं. सुरुवातीला एवढी शुद्धता नको.

लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाका, त्यावर डॉकर (प्रत्येक सेवा ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर), आणि पहिली सेवा एकच: फोटोंसाठी इमिच. फोनमधले फोटो आपोआप सर्व्हरवर येतात, चेहरे ओळखून गट पडतात, आणि घरातल्या सगळ्यांना उपयोग लगेच दिसतो. फाईली सांभाळणारं नेक्स्टक्लाऊड नंतर. ईमेलचा सर्व्हर घरी लावायच्या भानगडीत पडू नका. घरगुती लाईनवरून गेलेली मेल मोठ्या सेवा बहुतेक स्पॅममध्ये टाकतात किंवा घेतच नाहीत.

एआयकडून कोड लिहून घेणं इथे खरोखर कामाला येतं, पण मागायची रीत आहे. ‘इमिच लावून दे’ म्हटलं की तो आठवणीतून फाईल रचतो, आणि ती आठवण जुनी असू शकते. इमिचची अधिकृत कंपोज फाईल (डॉकरने काय आणि कसं चालवायचं ते लिहिलेली) आधी उतरवून घ्या, ती त्याला द्या, रॅम किती, डिस्क कुठे, टेलस्केल आहे हे सांगा, आणि फक्त लागतील त्या ओळी बदलायला लावा. प्रत्येक बदललेल्या ओळीचं कारण मराठीत लिहायला सांगा. मग स्वतः वाचा. डेटाबेसचं पोर्ट बाहेर उघडलंय का हे आधी शोधा. डॉकरने उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलला बगल देऊन जातं, हे पुष्कळ डेव्हलपरांनाही माहीत नसतं. डेटाबेस फक्त कंटेनरांनाच लागतो, तेव्हा ती पोर्टची ओळ सरळ काढून टाकायची. नंतर व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरचा डेटा कुठे साठतो ते, बघा: फोटोंचा फोल्डर डिस्कवरच्या खऱ्या जागेला जोडलेला नसेल तर कंटेनर पुसला की फोटोही गेले. पासवर्ड वेगळ्या फाईलीत ठेवा आणि ती फाईल एआयला चिकटवू नका. टर्मिनल स्वतः चालवणारे एआय एजंट आहेत, त्यांना फोटो असलेल्या यंत्रावर सुडो (मालकाचे पूर्ण हक्क) देऊ नका. वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर (यंत्रातल्या आभासी यंत्रावर) नाचू द्या. हेच काम घरच्याच यंत्रावर चालणाऱ्या एआय मॉडेलकडून करून घ्यावं असं वाटेल. पण ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटमध्ये आवळून बसवलं तरी ४-५ जीबी रॅम खातं, मग इमिचला काय उरणार?

बॅकअपशिवाय हा सगळा खेळ धोक्याचा. तीन प्रती, दोन वेगळ्या डिस्क, एक प्रत गावाबाहेर. ही गावाबाहेरची प्रत कोकणात सोपी आहे, कारण प्रत्येक घरात एक तरी चाकरमानी असतो. रेस्टिक या सॉफ्टवेअरने कूटबद्ध बॅकअप दोन पोर्टेबल डिस्कवर घ्या. एक मुंबईत काकांच्या कपाटात, एक घरी. गणपतीला आणि शिमग्याला काका येतील तेव्हा अदलाबदल. रेस्टिकचा पासवर्ड विसरलात तर डिस्क म्हणजे नुसता डबा, तेव्हा तो कागदावर दोन घरी ठेवा. डेटाबेसचा डंपही (फाईलीत उतरवलेली प्रत) बॅकअपमध्ये हवा, नुसते फोटो पुरत नाहीत. आणि दुसऱ्या यंत्रावर शंभरेक फोटो परत काढून बघेपर्यंत बॅकअप झाला असं म्हणू नका.

हे सहा महिने सुरळीत चाललं की मॅस्टडॉनकडे बघा. २०१६ पासूनचं हे सामाजिक जाळं मालकाविना चालतं: प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा, बोलायची भाषा एकच, ॲक्टिव्हिटीपब, जिला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने २०१८ मध्ये मान्यता दिली. घरासाठी मॅस्टडॉन जड पडतं. गोटूसोशल हे हलकं सॉफ्टवेअर त्याच जाळ्यात बोलतं. इथे मात्र सर्व्हर जगाला दिसावा लागतो, म्हणजे डोमेन (नेटवरचं स्वतःचं नाव) आणि टनेल (सीजीनॅटमागच्या यंत्रापर्यंत बाहेरून यायची वाट) दोन्ही आले. डोमेन नीट विचार करून घ्या, नंतर बदलता येत नाही. आणि लाईट विसरू नका: ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. तेवढा काळ तुमचा सर्व्हर बंद राहिला तर बाकीचे सर्व्हर त्याला पोस्ट पाठवणं सोडून देतात, आणि मधल्या पोस्ट परत येत नाहीत. म्हणून वाडीची किंवा मंडळाची सार्वजनिक खाती भाड्याच्या छोट्या व्हीपीएसवर, म्हणजे कंपनीकडच्या सर्व्हरवर, ठेवा. घरात फोटो, बाहेर गप्पा.

शेवटचं काम फडताळाच्या दारावर कागद चिकटवायचं. मोठ्या अक्षरात, आईला वाचता येईल असं: गडगडलं की ‘सर्व्हर’ लिहिलेला पांढरा प्लग आणि नेटची निळी वायर काढ. थांबलं की अर्ध्या तासाने दोन्ही लाव, आधी वायर. लाल दिवा लागला तर काही करू नकोस, मला फोन कर.