स्टेल्थ विमानाच्या चाचणी उड्डाणांचा अर्थ लावताना या चुका टाळा

११ जानेवारी २०११ रोजी चेंगदू येथील विमान कारखान्याच्या कुंपणाबाहेर जमलेल्या हौशी मंडळींनी जे-२० या चिनी स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणाऱ्या, लढाऊ विमानाचे पहिले उड्डाण पाहिले, तेव्हा अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स बीजिंगमध्येच होते. २०२० पर्यंत चीनकडे पाचव्या पिढीचे, म्हणजे अशा स्टेल्थ प्रकारचे, एकही लढाऊ विमान नसेल, असे याच गेट्स यांनी २००९ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. गेट्स यांनी चीनला कमी लेखले. छायाचित्रे पाहून हुरळलेल्यांनी मात्र दोन वर्षांत ही विमाने हवाई दलाच्या तुकड्यांत (स्क्वाड्रनमध्ये) दाखल होणार असे मानले. प्रत्यक्षात विमान सेवेत आल्याचे चीनने २०१७ मध्ये सांगितले. या विमानाची वाटचाल छायाचित्रांतून टप्प्याटप्प्याने पाहता येते, म्हणून उदाहरणे मुख्यतः त्याचीच घेतली आहेत.

पहिले उड्डाण झाले म्हणजे विमान सिद्ध झाले, ही सर्वांत जुनी चूक. जे-२० पहिल्या दिवशी वीसेक मिनिटे हवेत होते आणि त्याची चाके खालीच होती. तुर्कस्तानचे कान हे विमान २१ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रथम उडाले तेव्हाही तसेच घडले, आणि ते उड्डाण १३ मिनिटांचे होते. चाके खाली पाहून अनेकांना हसू येते, पण त्यात कमीपणा काही नाही. ज्या यंत्रणेची हवेत अजून परीक्षा झालेली नाही, तिने चाके आत घेतली आणि उतरताना ती बाहेर आलीच नाहीत, तर अनेक वर्षांचे श्रम एका दुपारी मातीमोल होतील. पहिल्या उड्डाणात विमान सरळ उडते का आणि सुखरूप उतरते का, एवढेच पाहायचे असते. नाकावर पुढे आलेली लांब नळी दिसली, तर ती हवेचा वेग आणि दिशा मोजण्यासाठी असते, आणि अशा विमानाच्या नाकात बहुधा लढाऊ रडार बसवलेलेच नसते. त्यामुळे त्या अवस्थेत रडारच्या पल्ल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पाहायचे असेल तर चाचणीसाठी बांधलेल्या एका नमुना विमानातून दुसऱ्यात काय बदलले ते पाहावे. २०११ मध्ये उडालेल्या विमानावर २००१ हा क्रमांक होता. २०१४ च्या प्रारंभी २०११ क्रमांकाचे विमान दिसले, तेव्हा इंजिनाला हवा पुरवणाऱ्या तोंडांचा आकार बदललेला होता, उभ्या शेपट्यांचे कोपरे छाटलेले होते आणि नाकाखाली प्रकाशीय संवेदकाचे घर आलेले होते. चाचण्यांतून अभियंत्यांनी काय शिकले याचा तोच खरा पुरावा होता, आणि त्याकडे लक्ष देणारे थोडेच होते. पुढे २०१५ च्या अखेरीस २१०१ क्रमांकाचे विमान दिसले, तेव्हा उत्पादनाची सुरुवात झाल्याचे जाणकारांनी ओळखले.

दुसरी चूक छायाचित्रावर पट्टी ठेवून लांबी काढण्याची आहे. सुरुवातीला जे-२० ची लांबी २३ मीटर असल्याचे ठामपणे सांगितले जात होते. नंतर उपग्रहातून घेतलेल्या छायाचित्रांवरून ती २१ मीटरच्या आसपास भरली. दूरच्या भिंगातून तिरके टिपलेले चित्र खोली चपटी करते आणि धावपट्टीवरची तापलेली हवा कडा पुसट करते. मोजायचेच असेल तर ठाऊक मापाची वस्तू त्याच अंतरावर, त्याच कोनात हवी, नाहीतर आकडा सांगू नये.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे स्टेल्थकडे. इथे दोन्ही टोकांच्या चुका होतात. स्टेल्थ विमान अदृश्य नसते. ते रडारला उशिरा दिसते. किती उशिरा, याचे गणित मात्र फसवे आहे, कारण रडारचा पल्ला विमानाच्या रडारला भासणाऱ्या क्षेत्रफळाच्या चौथ्या मुळाप्रमाणे बदलतो. ते क्षेत्रफळ सोळा पटींनी कमी केले तर पल्ला केवळ निम्मा होतो, आणि पल्ला दहावा हिस्सा करायचा तर क्षेत्रफळ दहा हजार पटींनी कमी करावे लागते. म्हणजे साध्या विमानाला २०० किलोमीटरवर पकडणारे रडार अशा विमानालाही २० किलोमीटरवर पकडतेच. शिवाय हे क्षेत्रफळ दिशेनुसार बदलते आणि लहरींच्या लांबीनुसारही बदलते. लढाऊ विमानांचे रडार सुमारे तीन सेंटिमीटरच्या लहरी वापरते, तर जमिनीवरची काही जुन्या पद्धतीची रडारे मीटरभर वा त्याहून लांब लहरींवर चालतात, आणि शेपटीएवढ्या भागावर त्या लहरी वेगळ्याच प्रकारे परततात. जे-२० ला पुढे छोटे पंख, म्हणजे कॅनार्ड, आहेत, म्हणून ते स्टेल्थ नाहीच, असे एका वाक्यात निकालात काढणारे या सर्व गोष्टी विसरतात. आणि कॅनार्डमुळे काहीच फरक पडत नाही म्हणणारेही विसरतात.

आपल्याकडे या चुकीचे ठळक उदाहरण २०१८ चे आहे. सुखोई-३० च्या रडारला जे-२० दिसू शकते, असे तत्कालीन हवाई दलप्रमुख बिरेंदर सिंग धनोआ यांनी म्हटले, आणि जे-२० चे स्टेल्थ निव्वळ देखावा आहे असा निष्कर्ष अनेकांनी लगेच काढला. सुखोईची जुळणी नाशिकजवळ ओझर येथे होत असल्याने मराठी वाचकांना त्या विधानाचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते. परंतु शांतताकाळात अशी विमाने अनेकदा मुद्दाम ल्युनेबर्ग भिंग लावून उडतात. हे छोटे उपकरण रडारचा किरण आला त्याच दिशेने परत पाठवते, जेणेकरून नागरी वाहतुकीला विमान दिसावे आणि समोरच्याला खरी प्रतिमा कळू नये. म्हणून असे विमान रडारवर दिसल्याची बातमी आली, की पोटाखाली भिंग होते का, हा प्रश्न आधी विचारावा.

इंजिनाबाबत थोडक्यात सांगता येते. चाचणीतील इंजिन बहुधा अंतिम नसते. रशियाचे टी-५० हे स्टेल्थ लढाऊ विमान जानेवारी २०१० मध्ये उडाले, तर त्याच्यासाठी आखलेले नवे इंजिन हवेत गेले ते डिसेंबर २०१७ मध्ये. आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी यंत्रणा, पेटवून ध्वनीहून वेगाने जाणे आणि तो न पेटवता तेवढ्याच वेगाने उडत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी अमेरिकेच्या एफ-२२ या स्टेल्थ विमानाला साधते, म्हणून ती प्रत्येक नव्या विमानाच्या नावे लिहून टाकू नये.

एखाद्या अपघातावरून प्रकल्प बुडीत खाती टाकण्याचीही घाई असते. १९९२ मध्ये अमेरिकेचा वायएफ-२२ नमुना धावपट्टीवर आदळून जळाला होता. त्यातूनच पुढे एफ-२२ आले.

२६ डिसेंबर २०२४ रोजी चेंगदूवरून शेपटी नसलेले, तीन इंजिनांचे एक मोठे विमान उडताना दिसले आणि बहुतेक साऱ्या चुका एका दिवसात पुन्हा झाल्या. हौशींनी त्याला जे-३६ हे नाव दिले, आणि सोबत उडणाऱ्या दोन आसनी जे-२० शी तुलना करून लांबी ठरवली. दोन्ही विमाने कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत का, हे मात्र फारसे कुणी तपासले नाही. त्याही दिवशी विमानाची चाके खालीच होती.